गर्दी दिसते, पण कागदावर येत नाही : आपल्या स्टेशनासाठी माणसं, तिकिटं आणि थोडे पैसे हवेत

सर्व ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची चाकरमानी मंडळी, माहेरवाशिणी आणि रोज गाडीने कॉलेजला जाणारी मुलंमुली, सगळ्यांना प्रवासी समितीचा नमस्कार. आणखी गाड्यांना आपल्या स्टेशनावर थांबा मिळावा आणि स्टेशनाजवळ निवारा व्हावा, यासाठी हे पत्र.

सकाळच्या गाडीला आपल्या स्टेशनावर आता उभं राहायला जागा शोधावी लागते. पूर्वी गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर प्लॅटफॉर्मवर चार माणसं आणि दोन कुत्री असायची. आता साध्या मंगळवारीसुद्धा कॉलेजची पोरं आहेत, कणकवलीला दवाखान्यात निघालेली माणसं आहेत, तहसीलच्या कामाला निघालेली आहेत, मुंबईहून काम घरी घेऊन आलेली दोन-तीन लॅपटॉपवाली पोरं आहेत. महामार्गाचं चौपदरीकरण एका तपाहून जास्त काळ चाललंय, त्यात वळण रस्त्यांवर कंबर मोडून घेण्यापेक्षा लोकांना गाडी बरी वाटते. एसटीच्या फेऱ्या आपल्या आडवाटेच्या गावांना कधीच पुरेशा नव्हत्या. विद्युतीकरण झाल्यापासून धूर गेला, मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या वाढल्या. आपल्या वाट्याला मात्र थांबणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्याच, म्हणजे दिवा-सावंतवाडी, रत्नागिरी-मडगाव आणि गणपतीत एखादी स्पेशल.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला तेव्हा ज्यांच्या कलमबागा आणि भाताच्या मळ्या रुळाखाली गेल्या, त्यांतले काही जण आज पंचाहत्तरीत आहेत. ‘गाडी आमच्या दारात रवता, पण आमका घेना नाय,’ असं त्यांच्यातलं कोणी म्हटलं की समितीच्या बैठकीत कोणी उत्तर देत नाही. आणि ते अक्षरशः खरं आहे. दुपदरीकरण रोहा ते वीर एवढ्याच सुमारे 47 किलोमीटरवर झालं, तेही 2021 मध्ये. पुढे सगळी एकेरी लाईन. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला एक्स्प्रेस आपल्या लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, दहा-पंधरा मिनिटं उभी राहते. कागदोपत्री थांबा नसतो, तरी दार उघडं असतं आणि आपली माणसं उतरतात. कधी कधी तर रुळाच्या बाजूने, सामान खडीवर टाकून. समितीचं स्पष्ट म्हणणं आहे की हे करू नका. समोरची गाडी कधी येईल ते आतल्या माणसाला कळत नाही आणि तशा उतरण्याची कुठेही नोंद होत नाही. जीव धोक्यात घालून आपण स्टेशनाच्या नावावर शून्य जमा करतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एखाद्या गाडीचा थांबा मागितला की पहिला प्रश्न येतो, तिथून तिकिटं किती जातात? नवा थांबा बहुतेक वेळा आधी 6 महिन्यांसाठी प्रायोगिक म्हणून दिला जातो आणि त्या काळात खपलेल्या तिकिटांवर तो पुढे ठेवायचा की नाही ते ठरतं. निवेदनावर किती सह्या आहेत, आमदारांचं पत्र किती ठसठशीत आहे, याने फाईल पुढे सरकते. निर्णय मात्र तिकिटांवर होतो. आणि आपली तिकिटं दुसऱ्यांच्याच स्टेशनांच्या नावावर पडतात.

कशी पडतात ते बघा. गणपती करून मुंबईला परत जाताना आपल्यातले बरेच जण तिकीट मडगावपासून किंवा सावंतवाडीपासून काढतात आणि चढण्याचं ठिकाण मधलं दाखवतात. कारण सगळ्यांना माहीत आहे. मधल्या स्टेशनांना कोटा तुटपुंजा, वेटिंग हलत नाही, सुरुवातीच्या स्टेशनापासून काढलं की सीट पक्की होते. आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवसांवर आलं, तेव्हापासून ही धावपळ आणखीच वाढली. लेकराबाळांना घेऊन रात्रभर उभं राहून जा, असं समिती कोणाला सांगणार नाही. पक्कं तिकीट मिळत असेल तर तसंच काढा. फक्त अशा तिकिटाचा फोटो आम्हाला द्या, पीएनआर आणि नावं बोटाने झाकून. तिकीट कुठून काढलं ते ठिकाण आणि चढण्याचं ठिकाण दिसलं की आमचं काम झालं. असे फोटो एकत्र करून लावले की कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी गळती रोजच्या प्रवासात आहे. खिडकीवर गर्दी असली किंवा गाडी दिसायला लागली की माणूस तसाच चढतो आणि पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरून बाहेर पडतो. पकडला गेला तर दंड, सुटला तर दहा-वीस रुपये वाचले. ते वाचलेले दहा-वीस रुपये आपल्या थांब्याच्या फाईलमधून वजा होतात, एवढं लक्षात घ्या. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्यांनी सुरुवातीचं स्टेशन म्हणून आपलंच नाव निवडावं. रुळाच्या अगदी जवळ उभं राहिलं की ॲप नकार देतं, म्हणून रस्त्यावरच, रिक्षातून उतरताना काढा, नाहीतर खिडकीजवळचा क्यूआर स्कॅन करा. जवळच्या अंतराच्या साध्या तिकिटाला 3 तासांची मुदत असते, तेव्हा आदल्या रात्री काढून ठेवायचा शहाणपणा करू नका. कॉलेजच्या मुलांनी सवलतीचा मासिक पास आपल्या स्टेशनापासून काढावा. पुढच्या स्टेशनावर मित्र आहेत म्हणून तिथला पास काढणारे तिघे आम्हाला ठाऊक आहेत. नावं सांगत नाही, त्यांच्या आया हे वाचतील.

तिकिटांचं झालं. तरीही सगळी गर्दी तिकिटांत उतरणार नाही, म्हणून आपण स्वतः मोजणार आहोत. गणपतीची मोजणी मुद्दाम घेत नाही, कारण सणाची गर्दी दाखवली की ‘ती सणाचीच’ असं उत्तर तयार असतं. तीन आठवडे ठरवले आहेत : दिवाळीनंतरचा एक साधा आठवडा, शिमग्याचा आठवडा आणि मेमधला एक. प्रत्येक थांबणाऱ्या गाडीला दोन माणसं लागतील, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या टोकाला, कारण जनरलचे डबे दोन्ही टोकांना असतात आणि मधे उभं राहून मोजणारा फसतो. वहीत चारच रकाने : गाडी, आलेली वेळ, चढले, उतरले. लहान मुलं वेगळी लिहायची. फुगवलेला आकडा आम्हाला नको. एका दिवसाचा आकडा खोटा निघाला की बाकीचे वीस दिवस वाया जातात. ज्या दिवशी पाच माणसं चढली त्या दिवशी पाचच लिहा.

सप्ताहाचे पहारे वाटून घेतात तसेच वाड्यांनी मोजणीचे वार वाटून घ्यायचे आहेत. पहाटेच्या गाडीला खालची वाडी, संध्याकाळच्या गाडीला वरची, असा सोयीचा हिशोब करू. बचत गटाच्या ताईंनी दुपारच्या गाडीची जबाबदारी आधीच घेतली आहे, त्यांना फक्त वही आणि पेन हवं आहे. बारावीच्या मुलांना परीक्षेच्या काळात सोडून देऊ. निवृत्त गुरुजींनी एकंदर बेरीज तपासायचं कबूल केलं आहे, आणि त्यांच्या हातून एक आकडाही चुकून जाणार नाही हे त्यांचे विद्यार्थी जाणतात.

आता पैशांचं. प्लॅटफॉर्म बुटका आहे आणि डब्याची पायरी मांडीच्या उंचीला येते. वयस्कर बाई चढताना एकाने आतून दोन्ही हात ओढायचे, दुसऱ्याने खालून पिशवी सांभाळायची, आणि तोपर्यंत गार्डची शिट्टी. प्लॅटफॉर्म उंच करणं आपल्या हातात नाही. रेल्वेच्या हद्दीत आपण एक फळीसुद्धा ठोकू शकत नाही, त्यासाठी परवानगी लागते आणि तो अर्ज वेगळा चालू आहे. पण स्टेशनाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला ग्रामपंचायतीची जागा आहे. तिथे निवारा बांधता येतो.

आषाढातल्या पावसाची तिरीप पश्चिमेकडून येते आणि छत्री उलटी करते, हे कोणाला सांगायला नको. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, डोंगर कापलेल्या घळींमध्ये वेग कमी ठेवतात. तो नियम योग्यच आहे. 2003 चा वैभववाडीजवळचा अपघात आणि 2004 चा करंजाडीजवळचा आपण विसरलेलो नाही. पण सावकाश म्हणजे उशीर, आणि उशीर म्हणजे आपण तासभर भिजत. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत निवारा उभा राहायला हवा. जांभ्या चिऱ्याचा कट्टा, पश्चिमेला पूर्ण भिंत, वर पत्रा, आत बसायला दगडी फरशी आणि एक दिवा. पाण्याचा माठ उन्हाळ्यात ठेवू, तो कोणीतरी दिलाच.

घरटी 200 रुपये मागत आहोत. मुंबईच्या मंडळांनी यथाशक्ती द्यावं, पत्र्याचा खर्च त्यांनी उचलला तर कट्टा गावातून होईल. पैसे ग्रामपंचायत कार्यालयात द्या, छापील पावती तिथेच मिळेल. क्यूआर कोड कार्यालयात आणि स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर लावला आहे. समिती नोंदणीकृत नाही, त्यामुळे आयकराची सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. खर्चाची बिलं ग्रामसभेत वाचली जातील. पैसे नसतील तर घराच्या बांधकामातून उरलेले चिरे चालतील, एक दिवसाचं श्रमदान चालेल. वाळूची सोय झाली आहे. पत्र्यावर देणगीदाराचं नाव रंगवायचा आग्रह कृपया धरू नका, मागच्या वेळी विहिरीच्या कठड्यावर त्यावरूनच दोन भावकी महिनाभर बोलत नव्हत्या.

मोठ्या स्टेशनांच्या दर्शनी भागांचं सुशोभीकरण राज्याच्या बांधकाम विभागाने केलं, कमानी आणि दगडी कलाकुसर छान झाली. आपल्याला कमान नको. खासदार निधीतून काही होईल का, तेही विचारतो आहोत. एका खासदाराला वर्षाला 5 कोटी मिळतात आणि मतदारसंघातली गावं किती ते आपण जाणतो, तेव्हा त्या भरवशावर कट्ट्याचं काम थांबवणार नाही. कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला महाराष्ट्राने 2025 मध्ये संमती दिली. ते पूर्ण झाल्यावर कोणती योजना आपल्याला लागू होईल त्याची चर्चा चहाच्या टपरीवर रोज रंगते. ती रंगू दे. चर्चा करणाऱ्यांनी मोजणीचा एक वार मात्र घ्यावा.

बैठक येत्या रविवारी सकाळची गाडी गेल्यावर स्टेशनाबाहेरच्या वडाखाली आहे. प्रत्येक वाडीने येताना आपला वार आणि दोन नावं ठरवून यावं. मुंबईच्या मंडळींनी आपल्या मंडळाच्या नावाने थांब्याच्या मागणीचं पत्र पाठवावं, पण त्यात ‘हजारो प्रवासी’ असं मोघम लिहू नये. मोजणी झाल्यावर आकडा आम्ही कळवू, तोच घालावा. आणि वेल्डर दिवाळीनंतर फक्त दोनच आठवडे मोकळा आहे, मग तो बागेच्या कुंपणांच्या कामाला जातो, त्यामुळे निदान पत्र्याचे पैसे तरी त्याआधी हातात यायला हवेत.

आपली,
प्रवासी समिती