नाना पेठेतल्या इंजेक्टरवाल्या काकांना, जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर लांबलचक काही तुम्ही वाचत नाही, म्हणून हे मुलाकडून वाचून घ्या. नाव टाकू नको, उगाच गर्दी होते, म्हणालात. टाकलेलं नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण मी दोन महिने ज्या फेऱ्यात अडकले होते त्यात जुनी गाडी सांभाळणारे बरेच जण आज फिरतायत.

आमची मारुती एस्टीम 2004 ची. 2019 ला आरटीओत जाऊन नोंदणी पाच वर्षं वाढवून घेतली, 2024 ला परत. घरात मी सोडून सगळ्यांचं मत एकच, विकून टाक. त्यात पावसाळा संपता संपता ती मिसिंग करायला, म्हणजे इंजिन मधेमधे ठोका चुकवायला लागली. दांडेकर पुलाच्या सिग्नलला उभी केली की स्टिअरिंग असं थरथरायचं की शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली. एका गॅरेजने ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाय म्हणून सांगितलं. त्याचा आकडा ऐकला आणि गाडी तशीच थरथरत घरी आणली. मग कुणीतरी इंजेक्टरचं, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीचं, नाव काढलं. नव्यांचा भाव ऐकून मी भंगारातल्या एस्टीमचे चार मिळवले आणि पिशवीत घालून तुमच्याकडे आले. "साफ करून द्या, उद्या बसवून घेते."

पिशवी न उघडताच तुम्ही विचारलंत, "गाडीतले कुठायत?"

"गाडीत."

"मग ते खराब झालेत हे कोणी ठरवलं?"

खरं सांगते, राग आला होता. मी गिऱ्हाईक, आणि तुम्ही माझी उलटतपासणी घेताय! पण तुम्ही पिशवीतला एकेक इंजेक्टर काढून मीटरच्या पिना लावायला सुरुवात केली होती. तिघांना चौदा ओहमच्या आसपास दाखवलं, चौथ्याला मीटर ढिम्म. त्याच्या आतली तारेची गुंडाळीच तुटलेली, तो बाजूला. उरलेले तीन तपासणीच्या बेंचवर चढवलेत, दाब दिलात, पण करंट नाही दिलात. एकाच्या टोकाशी थेंब जमला, पडला, परत जमला. "हा मिटतच नाही," तुम्ही म्हणालात. "गाडी बंद केल्यावरही आत ठिबकत राहणार. सकाळी स्टार्टिंगला त्रास, आणि हळूहळू ऑइल पातळ." चारातले दोन बाद. हे चारही मी दुसऱ्या दिवशी डोळे मिटून बसवणार होते.

मग तुम्ही दुकान मुलावर सोपवून गाडीशी आलात. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढला. पहिला काढला, इंजिन डगमगलं. दुसरा, तसंच. तिसरा काढला तर काही फरकच नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीपासूनच गप्प होता. त्याच सॉकेटला तुम्ही छोटा टेस्ट दिवा लावलात, तर तो व्यवस्थित लुकलुकला. वायर ठीक, ईसीएमचा सिग्नलही ठीक. त्या लुकलुकण्याने माझे किती पैसे वाचले हे इथे लिहीत नाही, घरचेही हे वाचतात.

रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, काढायच्या आधी पेट्रोल पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) माझ्याच हाताने काढायला लावलात आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवलीत. रेलमधला दाब उतरला नाही तर पेट्रोल तोंडावर उडतं, गरम इंजिनावरही. मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, खाली फडकं धरलं, तेव्हा कुठे पाना लागला. मी पाहिलेल्या एकाही गॅरेजात एवढा धीर नव्हता.

आणि त्या चार काचेच्या नळ्या. तेवढं दृश्य मी विसरणार नाही. वर आमचेच चार जुने इंजेक्टर टकटकतायत, खाली नळ्या भरतायत. तिघांचा फवारा अगरबत्तीच्या धुरासारखा बारीक, तिसऱ्याची मात्र नळातून यावी तशी एक तिरकी धार. तुम्ही वाकून, चष्मा कपाळावर सरकवून कुणी किती सोडलं त्याचे आकडे वाचलेत: 48, 49, 26, 48. तिसरा अल्ट्रासॉनिक सफाईच्या मशीनमध्ये ठेवून परत लावला, तर 26 चे 39 झाले, पण धार धारच राहिली. पिशवीतले दोन चांगले निघाले होते, एक 49 चा, एक 54 चा. मला वाटलं, जास्त सोडणारा चांगला. तुम्ही हसलात. "ताई, चौघांनी सारखं सोडायला पाहिजे. एकाने जास्त सोडलं तरी गाडी बिघडणारच." 49 वाला बसला.

इंजेक्टरच्या जुन्या ओ-रिंगा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी रिंगा, नखाने दाबल्या तर तुटल्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्यानेच का, असं मी विचारलं. "असेल, नसेल. एकवीस वर्षांचं रबर आहे एवढं मला दिसतंय," म्हणालात. दुसऱ्या कुणी याच्यावर अर्धा तास भाषण दिलं असतं. नव्या रिंगांना इंजिन ऑइलचं बोट लावून इंजेक्टर बसवलेत. चावी तीनदा नुसती ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू दिलात, प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघितलात. कोरडा निघाला, तेव्हा म्हणालात, "मार स्टार्टर आता."

त्याच संध्याकाळी एसी लावून कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत जाऊन आले. घाटात दुसऱ्या गिअरला कुंथायची, ती तिसऱ्यावर चढली. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.2 टक्के आला. मर्यादा अर्ध्या टक्क्याची. पीयूसीवाल्याने गाडीचं साल दोनदा वाचलं.

एकच तक्रार. तुम्ही एका इंजेक्टरच्या बसवणुकीचे आणि बेंचचे पैसे घेतलेत, ओ-रिंगांचे लावलेच नाहीत. गुरुवारी दुपारी येते, मोजून घ्या. 54 वाला डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. त्यावरच्या कागदी टेपवर तुमच्या अक्षरात लिहिलंय, "फक्त अडचणीला."

तुमची,
एस्टीमवाली ताई