एम.एस्सी. की पीएच.डी.: मॅडमना एक आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपले नाव या पत्रात घालत नाही, कारण ते आपल्याला आवडणार नाही. तरी पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण मी ज्या पेचात सापडले होते त्यात आज दुसरे कोणीतरी असणारच.

मी आपल्याकडे आले ती प्रश्नाबरोबर उत्तरही ठरवूनच. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो, शुल्क माफ होते, अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून विद्यावेतनही मिळते आणि मध्येच थांबल्यास बऱ्याच ठिकाणी एम.एस्सी. तरी हाती लागते; नुसत्या एम.एस्सी.साठी मात्र बहुधा पदरचे पैसे मोजावे लागतात. तेव्हा पीएच.डी.ला नाव घालायचे आणि दोन वर्षांनी बाहेर पडायचे, असा माझा बेत होता. आपण रागावला नाहीत. नंतर नोकरीसाठी शिफारसपत्र कोणाकडे मागशील, एवढेच विचारलेत. ज्यांनी माझ्या भरवशावर काही वर्षांचे काम आखलेले असेल, त्याच मार्गदर्शकांकडे ते मागावे लागणार होते, आणि माझ्या हिशेबात हा माणूस धरलेलाच नव्हता. प्रामाणिकपणे सुरुवात करून पुढे मन बदलले तर त्यात कमीपणा नाही, हेही आपण त्याच बैठकीत बजावलेत; आधीच ठरवून जाणे ही निराळी गोष्ट.

दुसरी गाठ माझ्या मनातली होती. पीएच.डी. ही वरची पायरी, म्हणून एम.एस्सी.वर थांबणारा कुठेतरी कमी पडलेला, असे मी धरून चालले होते. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्यात कायदा शिकवणाऱ्यांना ‘डॉक्टर’ म्हणत आणि पॅरिसमध्ये कला शाखा शिकवणाऱ्यांना ‘मॅजिस्टर’. दोन्ही शब्दांचा रोख शिक्षकाकडेच होता, हे आपल्याकडून ऐकले तेव्हा मला हसू आले. संशोधनाची पदवी म्हणून पीएच.डी. रुजली ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत, आणि अमेरिकेत येल विद्यापीठाने ती पहिल्यांदा दिली 1861 साली. फरक उंचीचा नसून कामाच्या जातीचा आहे, असे आपले म्हणणे होते: एकीकडे अभ्यासक्रम, परीक्षा आणि एक-दोन वर्षांनी येणारी ठरलेली तारीख, दुसरीकडे कोणीच न सोडवलेला प्रश्न, ज्याला तीन वर्षे लागतील की सहा हे आधी नक्की सांगता येत नाही.

हे पटले, पण त्याने निर्णय झाला नाही. तो झाला आपण दिलेल्या कामामुळे. संख्याशास्त्रातील एक प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आणि त्याची मूळ आकडेवारी माझ्यापुढे ठेवून आपण म्हणालात की यातला एकच तक्ता पुन्हा काढून दाखव, आणि रोज काय केले ते लिहून ठेवायला स्वतःची एक कोरी वही दिलीत. सहा आठवडे गेले. एक ओळ काही केल्या जुळेना. त्या ओळीच्या मागे लागण्याऐवजी मी पुढच्या वेळी सगळे गणित आपोआप व्हावे म्हणून संगणकाची एक आज्ञावली लिहीत बसले, आणि रात्री उशिरापर्यंत जागले तेही तिच्यासाठीच. आपण वही चाळलीत आणि न जुळलेल्या ओळीवर किती दिवस घालवलेस, एवढेच विचारलेत. दोन. आज्ञावलीवर एकोणीस. त्यावर आपण काही बोलला नाहीत, आणि बोलण्याची गरजही नव्हती.

मी एम.एस्सी. निवडली, स्वतःच्या खर्चाने, कर्ज काढून. ते हप्ते जड जातात, हे लपवत नाही. पण आज ज्या कामावर आहे ते त्या एकोणीस दिवसांच्याच जातीचे आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या वर्षी आपल्याला स्वतःच्या प्रकल्पासाठी पीएच.डी.ची विद्यार्थिनी हवी होती आणि जागा रिकामी होती. मला नुसते ‘ये’ म्हटले असते तरी मी आनंदाने आले असते. आपण तसे म्हटले नाही, याबद्दल आभार कसे मानावेत हे मला अजून नीट सुचलेले नाही.

वही माझ्याकडेच राहिली आहे. पुढच्या भेटीत परत आणते. न जुळलेली ओळ अजून तशीच आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी