कंबर २९ कशी?

चि. सुमेध, जय भीम.

मापं मिळाली. डिनरसाठी घेतलेल्या डिनर जॅकेटचे, म्हणजे त्या काळ्या कोटाचे फोटो पण बघितले, झूम करून करून. चॅरिटी शॉपमध्ये असला माल मिळतो यावर विश्वास बसत नाही. आई म्हणतेय मेलेल्या माणसाचा कोट आहे, आधी धुऊन घे म्हणावं. धुऊ नकोस! आत कॅनव्हास आहे, पाण्यात गेला की छातीचा बोळा होईल. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये टाक, कसर असेल तर अंड्यांसकट मरते, मग ड्रायक्लीनला दे.

आतल्या खिशात लेबल निघालं ना, शाईनं नाव आणि १९३८. म्हणजे मापाचा कोट, तिकडचे जुने शिंपी गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख तिथेच लिहायचे. लेपलच्या, म्हणजे छातीवर मुडपलेल्या पट्टीच्या मागून बोट फिरव, बारीक बारीक खळ्या लागतील, ते हाताचे टाके. मी सगळी हयात कॅम्पात ऑफिसर लोकांचे मेस ड्रेस कापण्यात घालवली पण असलं काम हातात घेऊन बघायला मिळालं नाही, तुला मिळालं. दुकानात सगळ्यांना फोटो दाखवले, काजवाला म्हातारा तर चष्मा लावून बराच वेळ बघत बसला.

बरं ते जाऊ दे. कंबर २९ कशी?

आधी मला वाटलं टेप चुकीच्या जागी धरला असशील. जीन्स खाली बसते, त्या काळच्या पँटी नाभीवर बसायच्या, माप वेगळं येणारच. पण जाताना तुझी पँट शिवली तेव्हा मीच नाभीवर टेप धरून ३२ लिहिलंय, मापवही आत्ता समोर उघडी आहे. छाती पण दीड इंच कमी. काही म्हणत नाही मी, फक्त विचारतोय.

कामाचं सांगतो. खांदा बसतोय, ते महत्त्वाचं, खांदा बसला नसता तर कोट परत कर म्हणालो असतो, तिथे हात घालणारा कारागीर परवडत नाही. बाही पाऊण इंच लांब आहे, ती होईल. पँट मागच्या शिवणीतून आत घेता येते पण तिथल्या शिंप्याला सांग, माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कापायची नाही, आत तशीच राहू दे. पुन्हा सोडावी लागणार आहे.

रंग काळा नाहीये, तुझ्या लक्षात आलं का? खिडकीजवळच्या फोटोत निळा मारतोय. मिडनाइट ब्लू. दिव्यात काळा रंग कधी कधी हिरवट दिसतो, हा काळ्याहून काळा दिसतो, विंडसरच्या ड्यूकनं चालवलेली फॅशन. त्यामुळे कुणी हसलं तर हसू दे, त्यालाच माहीत नाही. बेल्ट लावायचा नाही, त्या पँटीला लूपच नसतात, गॅलिस लाव. कमरपट्ट्याच्या चुण्या वर तोंड करून. उभी कॉलर नको, ती शेपटीवाल्या कोटाबरोबर, याला साधी पडती कॉलर. बो स्वतः बांध, थोडा वाकडा झाला तरी चालेल, रबरवाला लावलास तर मात्र माझं नाव सांगू नकोस कुणाला. बसताना बटण सोडायचं, उठलं की लावायचं. आणि गरम झालं म्हणून जेवताना कोट काढून खुर्चीला लटकवू नकोस, ही तुझी लग्नातली सवय आहे, ताईच्या लग्नाचे सगळे फोटो तसेच आलेत.

झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी. तू विचारलं होतंस फक्त पँटचं.

घाबरू पण नकोस रे. या कोटाला एवढा मान आज आहे, मुळात तो आरामाचा. १८६५ मध्ये तिकडच्या युवराजानं हेन्री पूल या लंडनच्या शिंप्याकडून शिवून घेतला, सँड्रिंगहॅमच्या वाड्यावर घरच्या घरी जेवताना शेपट्या नकोत म्हणून. साहेबाची घरची बंडीच म्हण.

किंग हेन्रीज रोडवरच्या बाबासाहेबांच्या लंडनच्या घरापुढचा तुझा फोटो आईनं फ्रेम करून घेतलाय. बाबासाहेबांच्या फोटोखाली लावायचा की बाजूला यावरून वाद झाला, शेवटी बाजूला लावला. मी मात्र त्या फोटोत तुझी गालफडंच बघत बसतो. बाबासाहेबांनी लंडनला पावाच्या तुकड्यावर आणि पापडावर दिवस काढले, लहानपणी मीच तुला झोपताना सांगायचो. आता वाटतं की तू ते भलत्याच अर्थानं तर घेतलं नाहीस ना. ते उपाशी राहिले कारण इलाज नव्हता. तुला आहे. पार्ट टाइमचे पैसे इकडे पाठवणं बंद कर, हप्ता माझा मी बघतो, दुकान अजून चालू आहे.

आणि खरं सांगू का, अण्णाचं पण असंच पँटच्या कमरेपासून सुरू झालं होतं. मीच दोनदा आत घेऊन दिली होती, तो म्हणायचा धावपळ आहे म्हणून. तुला काही झालंय असं नाही म्हणत. पण एकदा रक्त तपासून घे. खोकला आहे का? फोनवर आईला आवाज बसल्यासारखा वाटला, मी म्हटलं नेटवर्क असेल. २९ चा आकडा तिला सांगितलेला नाही, तूही सांगू नकोस, नाहीतर ती मेथीचे लाडू घेऊन विमानतळावर जाऊन बसेल.

डिनरला कोण कोण आहे, तुझ्या प्रोफेसर बाई पण येणार का? त्यांना लेबल दाखव. शिंप्याचा पोरगा आहे म्हणून सांग हवं तर, नाही सांगितलंस तरी चालेल, तुझं तू ठरव.

शिंप्याकडे शनिवारी जाणार आहेस ना, त्याआधी मला नवीन माप पाठव. टेप नाभीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता, आणि एक बोट टेपच्या आत घालून. पोटभर जेवून घे आणि मग माप. काय जेवलास ते पण लिही.

पप्पा