जुन्या हवाईन गिटारचे वय पुसून टाकू नका

महोदय,

माळ्यावरची जुनी इलेक्ट्रिक हवाईन गिटार (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची) दाखवायला लोक अजून माझ्याकडे येतात. व्हॅन शिप्लेंच्या हवाईन गिटारवरची सिनेगीते ऐकून वाजवायला बसलेल्या पिढीची ही वाद्ये. आयुष्यभर रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्त केल्यामुळे मी आधी आतली बाजू बघतो. पण बहुतेक वेळा गिटार आधीच ‘नवी’ झालेली असते. बाहेरून रंग खरवडून डुको मारलेला, आतून व्हॉल्यूमचे पॉट, म्हणजे बटणाखालचे आवाज कमी-जास्त करणारे भाग, बदललेले. फार वाईट वाटते.

कारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी गिटारचे वय बऱ्याचदा त्या पॉटच्या पाठीवरच छापलेले असते. पहिले तीन आकडे कंपनीचे : १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. मग साल (सहा आकडी नंबरात त्याचा फक्त शेवटचा आकडा), शेवटी आठवडा. ३०४६४० दिसले तर स्टॅकपोलचा पॉट, चाळिसावा आठवडा आणि साल १९४६ किंवा १९५६. दोन्हींतले कोणते, ते बाकीचे वाद्य पाहून ठरवायचे. पॉट कारखान्यात पडूनही राहत, त्यामुळे गिटार त्याआधीची नाही एवढेच म्हणता येते, आणि तेही सोल्डर मूळचे असेल, म्हणजे पॉट बदललेला नसेल, तरच.

गिटार रिकनबॅकर कंपनीची असेल तर फूटपट्टी काढा. तारांवरून वळलेले नालाच्या आकाराचे चुंबक युद्धापूर्वी दीड इंच रुंद असे, नंतर सव्वा इंच झाले. १९३२ साली बाजारात आलेली अॅल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ गिटार याच कंपनीची. तिचे पेटंट १० ऑगस्ट १९३७ला मंजूर झाले, म्हणजे वाद्यावर पेटंटचा क्रमांक ठोकलेला असेल तर ते त्यानंतरचे. आपल्याकडे बनलेल्या गिटारवर पुष्कळदा कसलाच नंबर नसतो. तिथे तर खुंट्या, जुना रंग आणि आतले वायरिंग हाच काय तो पुरावा.

जुन्या बाजारात ‘ब्रिटिशांच्या काळातली’ म्हणून गिटार दाखवली, तर बटणांच्या पट्टीचे स्क्रू काढून आत पाहू द्या असे विक्रेत्याला जरूर सांगा. तो नाही म्हणाला, तर जुनेपणाचे जादा पैसे देऊ नका.

घरच्या गिटारचा पॉट खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवा, पुष्कळदा तेवढ्याने भागते. बदलावाच लागला, तर मेकॅनिककडून जुना पॉट मागून घ्या आणि पाकिटात घालून गिटारच्या पेटीतच ठेवा.

– एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, नारायण पेठ, पुणे