आधी बोलू द्या, स्लाइड नंतर

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली कुठलाही प्रोजेक्ट असो, शेवटी पीपीटी द्यायचीच असते. मी बरीच वर्षं शिकवतेय. मुलं स्लाइड खरंच छान बनवतात, पण बोलायची वेळ आली की पाठ वर्गाकडे, तोंड पडद्याकडे आणि लिहिलेलं भराभर वाचून जागेवर. यात त्यांची काहीच चूक नाही, ॲनिमेशन कसं टाकायचं ते आपण शिकवतो, बोलायचं कसं ते राहूनच जातं, आणि वर म्हणतो घाबरू नकोस, कॉन्फिडन्सने बोल. असं सांगून कुणाची भीती गेलीये का?

माझ्या वर्गातल्या एका मुलीची फाइल ऐनवेळी उघडलीच नाही. रडवेली झाली होती. मी म्हटलं, राहू दे ते, तुला मुंग्यांबद्दल काय कळलं तेवढं सांग. मग तिने खडू घेतला, फळ्यावर रेघ ओढली, मुंगी जाताना वास सोडत जाते आणि मागच्या त्याच वासावर कशा येतात ते सांगत सुटली, वर्ग एकदम शांत. रोज न बोलणारी मुलगी ती! तेव्हापासून मी पहिला सराव स्लाइडशिवायच घेते. दोन मिनिटं नुसतं बोलायचं, शेजारच्या मुलासमोर, मग चार जणांसमोर, मग वर्गासमोर. बोलताना जिथे चित्राशिवाय अडतं, तिथेच स्लाइड करायची. आपोआप कमी होतात.

स्लाइडवरचं वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्यालाही त्रासच होतो. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलंय की चित्र आणि बोलणं एवढंच असलं तर माणूस जास्त शिकतो, तेच शब्द पडद्यावरही लिहिले तर कमी. म्हणून माझ्या वर्गात एका स्लाइडवर एक चित्र नाहीतर एक वाक्य, बस्स.

बटणंसुद्धा शिकवा हो, त्याने खूप धीर येतो. पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असताना कीबोर्डवरचं B हे बटण दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळे बोलणाऱ्याकडे बघायला लागतात, परत दाबलं की स्लाइड हजर. नंबर टाइप करून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, कुणी मागचं विचारलं तर शोधत बसायला नको. प्रेझेंटर व्ह्यू असेल तर पुढची स्लाइड आणि टिपणं आपल्यालाच दिसतात. हे हाताशी असलं की मूल गडबडत नाही. पहिली तीन वाक्यं मात्र पाठ असायलाच हवीत, धडधड तिथेच जास्त असते.

मोठ्या मुलांसाठी पेचाकुचा हा सादरीकरणाचा प्रकार चांगला, २००३ साली टोकियोत सुरू झाला, २० स्लाइड, प्रत्येकीला २० सेकंद, स्लाइड आपोआप पुढे जातात. लहानांना पाच स्लाइड पुरेत, नाहीतर घाबरतील उगाच.

शिक्षकांना आणि परीक्षा घेणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे, निम्मे मार्क बोलण्याला आणि प्रश्नांच्या उत्तरांना ठेवा. मार्क रंगीत स्लाइडला मिळतात म्हणून मुलं रात्रभर फॉन्ट बदलत बसतात आणि मोठ्याने एकदाही बोलून बघत नाहीत.

आपली,
एक शिक्षिका