यादीतली वये मोजून दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताईंस,
सविनय नमस्कार.

वयामुळे मला नोकरीवरून काढले, या माझ्या दाव्यात गेल्या आठवड्यात तडजोड झाली. तिच्या अटी गोपनीय असल्याने त्यांविषयी लिहीत नाही. आपले ऋण मात्र चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बावीस वर्षांच्या नोकरीनंतर, वयाच्या 58व्या वर्षी, कंपनीने मला काढून, दाव्याचा हक्क सोडण्याच्या बदल्यात पैसे देणाऱ्या कराराचे पाकीट हाती ठेवले, तेव्हा मी त्याच रात्री त्यावर सही करणार होतो, कारण घराचे हप्ते आणि मुलीची फी यांपलीकडे मला काही दिसत नव्हते. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून आपण ते कागद शेवटच्या पानापासून वाचायला घेतलेत. तिथल्या यादीत काढलेल्यांची आणि ठेवलेल्यांची पदे व वये होती. आपण पेन्सिलने एकेका वयापुढे टिंब देत गेलात, आणि आमच्या विभागातून काढलेल्या सातांपैकी सहा जण पन्नाशी उलटलेले, तर राहिलेल्यांत पन्नाशीचा एकही नाही, हे मला तेव्हा कळले.

ही यादी कंपनीची मेहेरबानी नव्हे, हेही आपणच सांगितलेत. चाळीस व त्यापुढच्या वयाच्या नोकरदारांशी वयावरून भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेत 1967 साली कायदा झाला. 1990च्या दुरुस्तीनुसार, अनेकांना एकदम काढताना या कायद्याखालचा दाव्याचा हक्क सोडल्याची सही हवी असेल, तर ही माहिती, विचाराला 45 दिवस आणि सहीनंतर माघारीला 7 दिवस द्यावेच लागतात. न्यू जर्सीत समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रारीला 300 दिवस मिळतात. आपण त्यातला शेवटचा दिवस आमच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहिलात.

वय नसते तर नोकरी गेली नसती, असे सिद्ध करावे लागते आणि ते अवघड असते, हे आपण माझ्यापासून लपवले नाहीत. साहेबांचे ‘नव्या दमाची माणसे हवीत’ हे वाक्य तारीख आणि हजर असलेल्यांच्या नावांसह एका वहीत लिहायला लावलेत. ऑफिसची एकही फाइल घरी आणू दिली नाहीत. आयोगाच्या मध्यस्थीत ती वही आणि ती टिंबेच उपयोगी पडली.

गणपतीत मी सर्वांना ‘लवकर निवृत्ती घेतली’ असे सांगत होतो. आपण शेजारी उभ्या होतात आणि मला उघडे पाडले नाहीत, हे मी विसरणार नाही.

मंडळातल्या एका गृहस्थांना परवा तसेच पाकीट मिळाले. त्यांची यादी घेऊन आम्ही बसलो, पण दोन ठिकाणी अडलो आहोत. रविवारी आपल्याला सवड असल्यास दोघेही येतो.

आपला कृतज्ञ,
एक शेजारी