तो जिन्याचा किस्सा आधी सांग

ठाणे, शुक्रवार रात्र

मनू बाळा,

फोनवरच बोलणार होते पण तू क्लिनिकमधून येतेस तेव्हा इतकी दमलेली असतेस की विषय काढवत नाही, म्हणून लिहितेय, सावकाश वाच.

रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात तू बोललीस तेव्हा मी शेवटच्या रांगेत होते. पहिली पंधरा मिनिटं नुसती स्लाइडवर स्लाइड, तुझी डिग्री, सर्टिफिकेटं, गुडघ्याचे स्नायू, आणि पुढची मंडळी हळूहळू पंख्याकडे बघायला लागली, ते तुलाही दिसलं असणार. मग प्रोजेक्टर बंद पडला आणि तू कागद बाजूला ठेवून त्या आजोबांचं सांगायला लागलीस, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिने ज्यांनी ठाणे स्टेशनचा जिना बघितलाही नव्हता ते. तू त्यांना पहिल्या दिवशी जिन्याजवळ नेलंच नाहीस, घरातल्या पाटावर चढउतार करायला लावलीस, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे सांगता सांगता तू टेबलामागून पुढे आलीस आणि स्टेजच्या पायरीवर स्वतः करून दाखवलंस. माझ्या शेजारच्या काकू बसल्या जागी पाय हलवून बघत होत्या गं! चहाच्या वेळी तिघीजणी मला विचारत आल्या, ती जिन्याचं सांगणारी मुलगी तुमची का? नाव एकीलाही आठवत नव्हतं, डिग्री तर नाहीच, पण पाट आठवत होता, दुखरा पाय आधी खाली हेही आठवत होतं.

तू ज्याला पर्सनल ब्रँड म्हणतेस ना तो मला तिथे दिसला. परवा शोधून वाचलं, १९९७ मध्ये टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन माणसाने एका मासिकात प्रत्येकाने स्वतःला ब्रँड समजावं असं लिहिलं आणि तिथून हे सगळीकडे पसरलं. आपल्याकडे नाव होणं म्हणतात, आणि ते लोकांच्या तोंडून होतं. म्हणून त्या एजन्सीवाल्याला रोज एक रील आणि लोगोसाठी एवढे पैसे द्यायची घाई करू नकोस, मला ते अजिबात पटलेलं नाही.

माझे अण्णा कीर्तन करायचे हे तुला माहीत आहे, पण ते कसं बांधलेलं असतं ते कधी सांगितलं नाही मी. पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण, मग मध्ये नामाचा गजर, बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. पण ती कुठलीही गोष्ट नाही हं, पूर्वरंगात जो मुद्दा मांडला तोच गोष्टीतून सिद्ध व्हायला हवा, नाहीतर अण्णा ते आख्यान घ्यायचेच नाहीत. लहानपणी मी निरूपणात झोपायचे आणि आख्यानाला बरोबर जागी व्हायचे. देवळातली माणसं रात्र काढायच्या तयारीने आलेली असतात, तुझ्यासमोरच्यांना तेवढा वेळ नाही, म्हणून तू उलटं कर, आख्यान आधी आणि निरूपण नंतर. आजोबा आणि पाट पहिल्या मिनिटाला येऊ देत, मग स्नायूंचं सांग, तेव्हा लोक ऐकतील कारण आता तो गुडघा कुणाचातरी आहे.

आणि एक, मी तुझं भाषण मोबाइलवर घेतलंय, त्यात ॲक्चुअली १९ वेळा आहे. रागावू नकोस. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण टोस्टमास्टर्सला जाते, लोकांसमोर बोलायचा सराव करायची, १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था, तिथे म्हणे एक माणूस फक्त असे अं, ॲक्चुअली मोजायलाच बसतो, आणि भाषण पाच ते सात मिनिटांचं, पाचला हिरवा दिवा, सहाला पिवळा, सातला लाल. ठाण्यातही क्लब आहेत, एकदा जाऊन तर बघ. आणि जानेवारीत नौपाड्यात म्हाळगी व्याख्यानमालेला माझ्याबरोबर चल, कसलेला वक्ता मध्येच किती वेळ गप्प राहतो तेवढंच बघ. तू वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करतेस.

गोष्टीला मीठमसाला मात्र लावू नकोस, सहा महिन्यांचं वर्ष करू नकोस. पेशंट विश्वासाने तुझ्यासमोर रडतात, ते तू माइकवर सांगायचं म्हणजे आधी त्यांना विचारायला हवं, नाव न घेताही. आपल्या भागात आजोबा लगेच ओळखू येतात. रविवारी ते स्वतः नव्हते म्हणून बरं, मला पूर्ण वेळ तीच धाकधूक होती.

या रविवारी जेवायला ये, बिरड्याची उसळ करते, नंतर हॉलमध्ये उभी राहून सात मिनिटं बोल, मी घड्याळ लावून बसते. त्याआधी आजोबांना फोन करून विचार, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी
आई